माझं गृहखातं

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री साडेबाराला मी अंतर्गत सुरक्षेची जबाबदारी स्वीकारली. मला ती कुणी दिली नव्हती. पण नागपूरच्या प्रतापनगरातल्या आमच्या फ्लॅट स्कीममध्ये बारा फ्लॅट आणि एक चौकीदार. हा चौकीदार रात्री दहाला खुर्चीत बसला की सकाळी दूधवाल्याने हलवल्यावरच उठायचा. कुणीतरी पुढे येणं भाग होतं. मुंबईवरच्या दहशतवादी हल्ल्याच्या त्या तीन दिवसांत देशात हसण्यासारखं काहीच नव्हतं, एक मी सोडून. म्हणून हे माझ्यापुरतंच लिहितो आहे.

त्या संध्याकाळी मी कटकची मॅच पाहत होतो. भारताने इंग्लंडला हरवलं, मालिका ५-० झाली. त्या आनंदात दिवाळीचा उरलासुरला चिवडा संपवत मी चॅनेल बदलायला लागलो. एका चॅनेलवर खाली पट्टी धावत होती : कुलाब्यात गोळीबार. दोन टोळ्यांचं भांडण असावं, असं निवेदक सांगत होता. ‘मुंबईत हे चालायचंच,’ असं मी म्हणालो. मुंबईत काहीही झालं की नागपूरकर हेच म्हणतो, मग पाऊस असो की मोर्चा. तेवढ्यात पट्टीवर सीएसटी हे नाव आलं आणि चिवडा घशाशी अडकला.

ताई आणि भाचा त्याच संध्याकाळी सीएसटीवरून विदर्भ एक्स्प्रेसने निघाले होते. रविवारी बाबांची पंच्याहत्तरी होती. गाडी सातच्या सुमारास सुटते, गोळीबार त्यानंतर बऱ्याच वेळाने झाला, हा हिशेब बायकोने मला बोटांवर करून दाखवला. डोक्याला तो पटत होता. हाताला पटत नव्हता, तो सारखा ताईचा नंबर लावत होता. ‘संपर्क क्षेत्राच्या बाहेर.’ शिवाय त्यांना गाडीत बसवून द्यायला आलेले जिजाजी परत डोंबिवलीला जायला त्याच स्टेशनावरून लोकल पकडणार होते. त्यांचा मोबाइल बंद. घरचा फोन सतत एंगेज, कारण झाडून सगळे नातेवाईक तोच लावत होते. त्यात आम्हीही होतोच.

सव्वाअकराला जिजाजींचाच फोन आला. ‘अहो, मी झोपलो होतो. काय झालंय? सगळं गाव मला जिवंत आहेस का म्हणून विचारून राहिलंय.’ एरवी डोंबिवलीत पंचवीस वर्षं काढून या गृहस्थांची भाषा पुरती मुंबईची झाली आहे, पण झोपेतून उठवलं की नागपूर बाहेर येतं. मनमाडच्या आसपास ताईचा फोन लागला. मी किंचाळत होतो. ती कुजबुजत म्हणाली, ‘ओरडू नकोस, डब्यात लोक झोपलेत. आणि आईला सांग, गोळाभाताला भरडा जाडा नको. मागच्या वेळी गोळे फुटले होते.’ तिला काहीच माहीत नव्हतं. मी सांगितलं तेव्हा ती बराच वेळ बोलली नाही. रेंज गेली असं मला वाटलं.

सगळे सुखरूप आहेत कळल्यावर शहाण्या माणसाने देवापुढे साखर ठेवावी आणि झोपावं. आईने तेच केलं. मी मात्र खात्यात रुजू झालो.

पहिली कामगिरी गुरुवारी सकाळी, नागपूर स्टेशनवर. गाडी यायच्या चांगले तीन तास आधी मी फलाटावर हजर. प्रत्येक बाकाखाली वाकून पाहिलं. एका कचरापेटीकडे पंधरा मिनिटं एकटक पाहत उभा राहिलो, तेव्हा एका जवानाने खांद्यावर हात ठेवला. ‘काय पाहून राहिले?’ मी म्हटलं, ‘संशयास्पद वस्तू.’ तो म्हणाला, ‘आम्ही पण तेच पाहून राहिलो. अर्ध्या तासापासून तुमच्याकडे.’ मग त्याने प्लॅटफॉर्म तिकीट मागितलं. देशरक्षणाच्या गडबडीत ते काढायचं राहून गेलं होतं. दंड भरला. पावती अजून आहे.

गाडी आली. आम्ही भावंडं मिठ्या मारणाऱ्यांतली नाही. ताई खाली उतरली, पाण्याची रिकामी बाटली माझ्या हातात दिली आणि म्हणाली, ‘ही फेक.’ मी ती फेकली नाही. का कोण जाणे, घरापर्यंत तशीच हातात धरून आणली. वाटेत ऑटोत ताई डोळ्यांनी मला काहीतरी खुणावत होती, भुवया उंच करून सामानाकडे पाहत होती. मी भाच्याला हळूच म्हणालो, ‘आईला धक्का बसलाय. जप.’ या खुणेचा खरा अर्थ पुढे शुक्रवारी संध्याकाळी साऱ्या स्कीमला कळला.

घरी टीव्ही चालूच होता. हेमंत करकरे, अशोक कामटे, विजय साळसकर या शहीद पोलीस अधिकाऱ्यांची नावं पुन:पुन्हा येत होती. करकरे आमच्या व्हीआरसीईचे, आताच्या व्हीएनआयटीचे, १९७५ चे मेकॅनिकल. आणि बाबांनी उभी नोकरी त्याच कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये, सुतारकामाच्या विभागात केलेली. मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो. ‘बाबा, तुमच्या हाताखालून गेले असतील ना? आठवतात का?’ सोमवारी ऑफिसात ‘आमच्या बाबांचे विद्यार्थी’ असं वाक्य टाकायचं माझ्या मनात होतं, हे कबूल करतो. बाबा म्हणाले, ‘नाही आठवत.’ मी म्हटलं, ‘आठवून तर बघा.’ ते म्हणाले, ‘दरवर्षी इतकी पोरं यायची. पहिल्या वर्षी सगळ्यांनाच रंधा मारावा लागे. त्यालाही लागला असेल.’ एवढं बोलून ते स्वत:च्या उजव्या तळव्याकडे पाहत बसले. तिथे अजून घट्टे आहेत. चंद्रपूरला पोलीस अधिकारी असताना करकरे लाकडातून शिल्पं घडवत, असं पुढे माझ्या वाचनात आलं. ते मी बाबांना वाचून दाखवलं. ‘बघ,’ एवढंच ते म्हणाले. ऑफिसातलं वाक्य मी टाकलं नाही.

शुक्रवारी मी रजा टाकली आणि खात्याचा कारभार वाढवला. ‘नागपूरला कोण येतंय?’ असं बायकोने विचारलं. मी तिला १ जून २००६ ची आठवण करून दिली. महाल भागात संघाच्या मुख्यालयावर पहाटे चालून आलेले तिघे पोलिसांच्या वेशात आणि दिव्याच्या गाडीत होते, ते पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले. यावर तिच्याकडे उत्तर नव्हतं. उत्तेजन मिळाल्यासारखं मी गेटवर रजिस्टर ठेवलं. दूधवाल्याच्या कॅनमध्ये टॉर्च मारून पाहिला. त्याने विचारलं, ‘काका, म्हैस दाखवू का?’ आत येणाऱ्याने परवलीचा शब्द सांगायचा, असा ठराव मी एकमताने मंजूर केला. मत एकच होतं, माझं. शब्द होता ‘वडाभात’. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू तो विसरल्या, ‘मसालेभात’ म्हणाल्या, आणि मी त्यांना पाच मिनिटं बाहेर थांबवलं. त्या स्कीमच्या सगळ्यात जुन्या रहिवासी. फ्लॅट त्यांच्या नावावर, माझा कर्जावर.

उरलेला वेळ मी टीव्हीपुढे असे. शुक्रवारी सकाळी नरीमन हाउसवर हेलिकॉप्टरमधून कमांडो उतरले तेव्हा मी घरच्यांना समजावून सांगत होतो की दोराला कसं धरतात. मी आयुष्यात विहिरीचा दोरही नीट धरलेला नाही. २०१२ मध्ये हल्लेखोर कसाबच्या अपिलाचा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने त्या थेट प्रक्षेपणावर कडक ताशेरे ओढले. दाखवणाऱ्यांना बोल लागला. जेवणाचं ताट मांडीवर घेऊन ते साठ तास पाहणाऱ्यांचा उल्लेख नाही, ही मी न्यायालयाची मेहेरबानी समजतो.

आईला ते बघवत नव्हतं आणि बंदही करवत नव्हतं. तिने बाजारातून दोन किलो तुरीच्या शेंगा मागवल्या. हंगाम नुकता सुरू झाला होता, शेंगा कोवळ्या, जांभळ्या रेघांच्या. परात मधे ठेवून ती टीव्हीकडे पाठ करून बसली. ‘पाहायचं तर पाहा, पण हात चालू ठेवा.’ मग बायको बसली, मुलगी बसली, भाचाही बसला. शेंगेच्या टोकाला नख लावायचं, शिवण उसवल्यासारखी ती उघडते, आणि अंगठा आतून फिरवला की चार-पाच दाणे परातीत टपटपतात. ताई आली की हात वेगाने चालतो आणि तोंडही. लहानपणी मी दाणे परातीत टाकण्याऐवजी तोंडात कसा टाकायचो, हे तिने माझ्या मुलीला सांगितलं. टीव्हीवर ताजच्या घुमटातून धूर निघत होता. मुलीने मला विचारलं, ‘बाबा, खरंच?’ मला आधी कळेना ती कशाबद्दल विचारते आहे. ‘खरंच,’ मी म्हटलं.

शुक्रवारी संध्याकाळी सहाच्या गस्तीत मला जिन्याखाली, स्कूटरींच्या मागे, ती बॅग दिसली. काळी, रेक्झिनची, पोट फुगलेली. चेनमधून दोन वायरी बाहेर आलेल्या. वाकलो तर वास. घरात येणाऱ्या कुठल्याच वासाशी तो जुळेना. थोडा कापरासारखा, थोडा अगरबत्तीसारखा आणि त्याखाली काहीतरी जड, खारट, जिवंत. ‘रसायन,’ मी स्वत:शी म्हणालो.

यापुढच्या वीस मिनिटांत मी बाराही फ्लॅटच्या बेला वाजवल्या, शंभर नंबर फिरवला आणि लोकांना समोरच्या रिकाम्या प्लॉटवर काढलं. पायात चपला अडकवायलाही वेळ दिला नाही. काकूंना जिन्यातून उतरवताना त्यांनी विचारलं, ‘आता कोणता भात?’ बाबा आलेच नाहीत. ‘मला परवा पंच्याहत्तर पूर्ण होताहेत, आणि गॅसवर वरण आहे,’ म्हणाले. आई आली, पण परात घेऊन. चौकीदाराची खुर्ची तिला दिली. ती बसली आणि शेंगा सोलायला लागली. पाच मिनिटांनी काकू तिच्याजवळ सरकल्या. मग तळमजल्यावरची नवी सून आली, जी चार महिन्यांत कुणाशी बोलली नव्हती. मग आणखी चार-पाचजणी. बुधवारपासून आपापल्या टीव्हीपुढे कोंडून घेतलेली माणसं उघड्यावर आली होती. मुलांनी अंधारात लपाछपी सुरू केली. थंडी पडायला लागली होती, कुणीतरी घरी जाऊन शाली आणते म्हणालं, मी मज्जाव केला. मी स्वत: कडुलिंबाच्या झाडामागे उभा होतो. परिस्थितीवर नजर ठेवायला ते ठिकाण सोयीचं होतं.

मोटरसायकलवरून दोघे पोलीस आले. थोरले हवालदार पन्नाशीचे, डोळे तांबारलेले. त्यांनी लोकांना आणखी मागे सरकवलं, लांबून टॉर्च टाकला आणि नाक वर करून हवेचा वास घेतला. पुन्हा घेतला. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं, पण ते काही बोलायच्या आत गेटशी ऑटो थांबला. ताई आणि भाचा बर्डीहून साड्या घेऊन परतले होते. ताईने गर्दी पाहिली, टॉर्चचा झोत पाहिला आणि हवालदार ‘बाई, थांबा!’ म्हणेपर्यंत सरळ जिन्याखाली जाऊन बॅग उचलली.

‘ताई, हात लावू नकोस!’ झाडाने किंवा मी, कुणीतरी ओरडलं.

‘माझीच आहे,’ ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, ‘म्हणजे तुझी.’

हवालदारांनी पाच पावलांवरून निकाल दिला. ‘हे झिंगे आहेत जी. सुके झिंगे. माह्यं गाव भंडाऱ्याकडचं, तलावाच्या काठी जनम गेला. हा वास मी झोपेत ओळखतो.’

तर झालं होतं ते असं. गणपतीनंतर कधीतरी मी ताईला फोनवर म्हणालो होतो, येताना सोडे आण. तिच्या शेजारच्या मालवणी वहिनींच्या हातचे मी एकदा खाल्ले होते, तेव्हापासून ते स्वप्नात येत. तिने किलोभर आणले. डब्यातल्या लोकांना त्रास नको म्हणून चार प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधले, वर कापराच्या पुड्या आणि अगरबत्तीचे पुडे कोंबले. आमच्या घरात अंडंही वेगळ्या तव्यावर होतं, म्हणून भाच्याकडून बॅग जिन्याखाली ठेवून घेतली. ऑटोतल्या भुवया त्यासाठी होत्या. वायरी भाच्याच्या चार्जरच्या.

शिजलेले सोडे आणि कापराने माखलेले कच्चे सोडे यांच्या वासात काही संबंध नसतो, असा माझा बचाव होता. तो कुणी ऐकून घेतला नाही. बारा फ्लॅटची माणसं हसत होती. बुधवारनंतर स्कीममध्ये पहिल्यांदा. मला फक्त आईच्या चेहऱ्याची भीती होती. पंचेचाळिशीचा शुद्ध शाकाहारी मुलगा सगळ्या वस्तीपुढे उघडा पडला होता.

आईने हातातली शेंग आधी पूर्ण सोलली. ‘मला वीस वर्षांपासून माहीत आहे,’ ती म्हणाली. ‘सावजीकडून जेवून येतोस तेव्हा बडीशेप खातोस. एरवी तू कधी बडीशेप खातोस का रे?’ मग हवालदारांकडे वळून, ‘याचं रजिस्टर घेऊन जा. आणि जाण्याआधी चार घास खाऊन जा.’

खोट्या अलार्मबद्दल हवालदारांनी मला झापायला हवं होतं. त्यांच्यात तेवढं त्राण नव्हतं. बुधवारच्या रात्रीपासून बंदोबस्त, घरी गेलेच नव्हते. बाबांच्या वरणाबरोबर भात वाढला तेव्हा ते पाटावर मांडी घालून बसले आणि दोन घास गेल्यावर थांबले. ‘पोरगी फोन करते अन् विचारते, बाबा, सगळे पोलीस टीव्हीत आहेत, तुम्ही कुठंच दिसून नाही राहिले.’ आईने त्यांना आणखी भात वाढला. माझ्या मुलीने त्यांच्यासाठी पाणी आणलं आणि ते जेवेपर्यंत शेजारी बसून राहिली.

रात्री ताईने बॅग गॅलरीत नेऊन ठेवली. मी तिच्या मागे गेलो, माफी मागावी म्हणून. ती बॅगेवर हात ठेवून उभी होती. ‘बुधवारी गाडी लागायला वेळ होता,’ ती म्हणाली. ‘त्या मोठ्या हॉलमध्ये तासभर ही पायाशी घेऊन बसलो होतो. बाजूला एक कुटुंब होतं, पूर्वेकडच्या गाडीची वाट बघत. त्यांची लहान मुलगी या बॅगेवर बसून बिस्किट खात होती. त्यांची गाडी रात्री उशिराची होती.’ मी काही बोललो नाही. त्या स्टेशनवर पन्नासहून अधिक माणसं गेली होती. ‘आई म्हणाली सरक, तर उठेना,’ ताई म्हणाली, आणि आत गेली.

शनिवारी सकाळी ताजमधली कारवाई संपली. मेलेल्यांचा आकडा पुढे १६६ वर ठरला. बाबांनी उठून टीव्ही बंद केला. कुणी विरोध केला नाही. पंच्याहत्तरीसाठी घेतलेला हॉल रद्द केला होता, जेवण घरीच करायचं ठरलं. पण प्लॉटवर परात फिरली होती, त्यामुळे बाराही फ्लॅटना आपल्याला आमंत्रण आहे असं वाटलं, आणि रविवारी सगळे आले. काकूंनी मसालेभात आणला, मुद्दाम. पंच्याहत्तर दिवे तीन ताटांत मांडले. कुणीतरी पंखा लावला आणि अठरा विझले. ते पुन्हा लावले. यंदा गोळे फुटले नाहीत. वर हिंगमिरचीचं कढत तेल आणि शेजारी तुरीच्या सोल्यांची भाजी.

जिजाजी त्याच दिवशी सकाळी विदर्भ एक्स्प्रेसनेच आले. मी स्टेशनवर गेलो होतो, या वेळी प्लॅटफॉर्म तिकीट काढून. संध्याकाळी गॅलरीत छोट्या शेगडीवर त्यांनी सोडे केले. आई नाकाला पदर लावून दारात उभी होती. कांदा किती घातला, असं तिने दोनदा विचारलं.

त्या रविवारी, ३० नोव्हेंबरला, केंद्रीय गृहमंत्री शिवराज पाटील यांनी राजीनामा दिला. दुसऱ्या दिवशी राज्याचे गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी दिला. माझा आईने शुक्रवारीच घेतला होता.

ताई अजूनही वर्षातून एकदा येते. तिच्या एका बॅगेवर पांढरी पट्टी चिकटवलेली असते आणि तिच्यावर मार्करने मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं : ‘सोडे. भावासाठी.’